भांडणं वेचणाऱ्या मॅडम

रस्त्यात कुठं भांडण चाललेलं दिसलं की मॅडमची स्कूटी थांबायची. बाकीचे लोक अशा वेळी नाही पाहिल्यासारखं करून पुढं निघतात. मॅडम गाडी स्टँडवर लावायच्या, हेल्मेट काढून आरशाला अडकवायच्या, कारण हेल्मेटात नीट ऐकू येत नाही, आणि भांडणाऱ्यांच्या इतक्या जवळ जाऊन उभ्या राहायच्या की बघणाऱ्याला वाटावं, तिसरा वाटा यांचाच आहे. मोताळ्याच्या बाजारात एकदा दोन भाजीवाल्या ताडपत्रीच्या दोरीवरून भांडत होत्या. मॅडम पाचेक मिनिटं मान हलवत ऐकत राहिल्या. शेवटी एकीचं लक्ष गेलं आणि तिनं विचारलं की बाई, तुमचं काय हाय यात.

"माह्यं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. दोरी पहिले कोणं बांधली होती, तेवढं समजाचं राह्यलं."

एकीनं दोरी सोडून दिली, दुसरीनं तोंड फिरवून मेथीवर पाणी मारायला घेतलं. मॅडम परत येताना हळहळत होत्या. इतकं चांगलं भांडण आणि त्याला शेवट नाही मिळाला. मी त्या दिवशी त्यांच्या गाडीवर मागं बसून आलो होतो, मांडीवर दोन पिशव्या घेऊन. माझ्या ओळखीचं कोणी बाजारात नसावं, एवढीच प्रार्थना मी करत होतो.

ही भांडणं त्यांना शाळेसाठी लागत. कागदोपत्री त्या साधनव्यक्ती होत्या. पंचायत समितीच्या ऑफिसातून निघायचं, तालुक्यातल्या शाळाशाळांवर फिरायचं आणि वर्गातल्या शिक्षकाला शिकवायला मदत करायची, वाचायचं साहित्य पुरवायचं, असं ते कंत्राटी काम. बाकीचे साधनव्यक्ती वरून आलेले तक्ते आणून देत आणि फोटो काढून ग्रुपवर टाकत. मॅडम खताच्या रिकाम्या गोण्या धुवून शिवलेल्या दोन पिशव्या आणत, आणि त्या पिशव्यांत त्यांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टी असत. प्रत्येक गोष्ट एका जाड कार्डावर, ठसठशीत अक्षरात, आणि प्रत्येक गोष्टीत भांडण. त्यांचं म्हणणं असं होतं की ज्या गोष्टीत सगळे शहाण्यासारखे वागतात, ती पोरगं दुसऱ्यांदा हाती घेत नाही. पुस्तकातला राजू सकाळी लवकर उठतो, दात घासतो, आईला मदत करतो. "मंग?" मॅडम विचारत. "पुढं वाचाले जीव काऊन तरसंल त्याचा?"

मी मूळचा अमडापूरचा. नोकरी लागून दुसरं वर्ष होतं आणि मोताळा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडं होता. वर्गातल्या सात मुलांना धड वाचता येत नव्हतं. वाचनालयाचं कपाट होतं, त्यात पुस्तकं होती, आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती. पुस्तक फाटलं तर जबाबदारी माझी, म्हणून मी कपाट उघडतच नसे. पहिल्यांदा आल्या तेव्हा मॅडमनी किल्ली मागितली, कपाट उघडलं, आतल्या कोऱ्या पुस्तकांचा वास घेतला आणि मला विचारलं, "सर, हे कोणाच्या लग्नासाठी ठेवले तू?"

त्या मला सर म्हणायच्या आणि तू म्हणायच्या. पस्तिशीच्या आतल्या सगळ्या शिक्षकांना त्यांच्याकडं हाच मान होता.

मग त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि काजल नावाच्या मुलीला समोर बसवून वाचायला सांगितलं. काजल एकेका शब्दावर बोट ठेवून, एकाच सुरात वाचू लागली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मॅडमची मान छातीवर आली आणि त्या चक्क घोरू लागल्या. काजल घाबरून माझ्याकडं बघू लागली. मी म्हटलं, मॅडमला बरं वाटत नसेल. तेवढ्यात डोळे न उघडता त्या म्हणाल्या की आपण झोपलो त्याला कारण वाचणारी आहे. जागं ठेवायचं असेल तर म्हातारीचं बोलणं म्हातारीसारखं वाच. वर्ग हसला. काजलनं घसा खाकरून म्हातारीचा आवाज काढला. मॅडमनी एक डोळा उघडला. पुढच्या भेटीपासून मॅडमना झोपू द्यायचं नाही, हा माझ्या वर्गाचा खेळच झाला. त्यांची ही पद्धत पोरांपुरतीच होती असं मात्र नाही. बुलढाण्याला एका प्रशिक्षणात मोठ्या साहेबांचं भाषण चालू असताना त्या पहिल्या रांगेत घोरल्या, आणि ते खरं होतं की मुद्दाम, यावर आमच्यात पैजा लागल्या होत्या.

कार्डांसाठी त्या लग्नाच्या पत्रिका वापरत. तालुक्यात लग्नसराई सरली की मॅडम ओळखीपाळखीच्या घरी जाऊन जुन्या पत्रिका गोळा करत. जाड असतात, मागची बाजू कोरी असते आणि फुकट असतात. एका बाजूला गोष्ट, दुसऱ्या बाजूला गणपती आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून". मुलं गोष्ट वाचायच्या आधी पत्रिका वाचत. हा मुलगा कोणाचा, ही मुलगी कोणत्या गावची, आपल्या मामाचं नाव निमंत्रकांत आहे की नाही. यश नावाचा मुलगा माझ्या न वाचणाऱ्या सातांपैकी पहिला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता वाचलेलं वाक्य म्हणजे "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं". मी सांगितलं की ही मागची बाजू आहे, गोष्ट पुढं आहे. मॅडमनी मला हातानं थांबवलं. ज्या बाजूनं वाचतो त्या बाजूनं वाचू दे, असं त्यांचं म्हणणं.

शाळेच्या शेरेबुकात भेट देणारे अधिकारी "अध्यापन समाधानकारक, सूचना दिल्या" असं लिहून सही करतात. मॅडमचा शेरा असायचा, "काजल 'भांड्यावर'पाशी अडकली. यश पत्रिकेतून निघाला. मंगळवारी येतो." बायका आमच्याकडं बोलताना "येतो, जातो" म्हणतातच, पण सरकारी वहीत तसं लिहिणाऱ्या त्या एकट्याच. एका साहेबांनी ते वाचून मला विचारलं होतं, हा कोण गृहस्थ मंगळवारी येणार आहे?

त्या मंगळवारी मॅडम जी कार्डं घेऊन आल्या, त्यांत म्हशीची गोष्ट होती.

शाळा होती त्या गावात शाळा समितीचे अध्यक्ष रामकृष्णभाऊ आणि त्यांचे शेजारी दादाराव यांचं चार वर्षांपासून बोलणं बंद होतं. दादारावच्या धाकट्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाचा फेटा ओट्यावर ठेवलेला होता, आणि रामकृष्णभाऊंची म्हैस दावं तोडून आली आणि तो खाऊन गेली. नवरदेव टोपी घालून वरातीत बसला. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दोघांसमोर कोणी काढत नसे. मॅडमना हे कोणी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी सगळं लिहून काढलं होतं, आणि कोणाचं नाव घ्यायचं नाही म्हणून नावं बदलली होती. रामकृष्णभाऊचं श्यामकृष्णभाऊ झालं होतं आणि दादारावचं बाबाराव.

मी ती गोष्ट वाचली आणि कोणाची आहे ते लगेच ओळखलं. पण मुलं त्या कार्डावर अशी तुटून पडली होती की मी ते राहू दिलं. खरं सांगायचं तर मलाही मजा वाटत होती. आठवडाभर वर्गात दुसरं काही वाचलं गेलं नाही. यशनं कार्ड घरी न्यायला मागितलं. मी दिलं.

यश दादारावचा नातू आणि काजल रामकृष्णभाऊंची नात, हे मला माहीत असून मी ते दिलं. यश रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून, समोरच्या दाराकडं तोंड करून, ती गोष्ट मोठ्यानं वाचू लागला. दादाराव बाजूला बसून पोथी ऐकावी तसे ऐकत. गेल्या महिन्यापर्यंत ज्याला "कमळ" वाचता येत नव्हतं, तो आता म्हशीचं रवंथ करणंसुद्धा आवाज काढून वाचत होता. सहाव्या संध्याकाळी रामकृष्णभाऊंना कळलं की श्यामकृष्णभाऊ म्हणजे आपण.

दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असतानाच ते चार माणसं घेऊन शाळेत आले. आवाज चढवला नाही. हे कोणी लिहिलं, एवढंच विचारलं. मी मॅडमचं नाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं की पोरांच्या हाती द्यायच्या आधी तुम्ही वाचलं नव्हतं का.

"नाही," मी म्हटलं. "त्या परस्पर वाटतात. मी त्यांना नको म्हटलं होतं."

दोन वाक्यं, आणि दोन्ही खोटी. रामकृष्णभाऊंनी तिथंच तक्रारअर्ज लिहिला, की बाहेरच्या बाईनं गावातल्या प्रतिष्ठित माणसाची बदनामी करणारं साहित्य शाळेत वाटलं. खाली वर्गशिक्षकाची सही हवी होती. मी केली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, अध्यक्षांशी वैर मला परवडण्यासारखं नव्हतं. अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली.

आठवड्याभरात तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी साहेब चौकशीला आले. माझ्याच वर्गात टेबल लावलं. एका बाजूला रामकृष्णभाऊ, दुसऱ्या बाजूला दादाराव, मागं निम्मं गाव आणि मध्ये खुर्चीवर मॅडम. खुर्चीवर बसलेल्या मॅडम मी पहिल्यांदाच पाहत होतो. साहेबांनी बरोबरच्या बाबूला सांगितलं की आक्षेपार्ह मजकूर वाचून दाखवा, म्हणजे नोंद घेता येईल. बाबू जमिनीचा सातबारा वाचावा तसा वाचू लागला. मॅडम म्हणाल्या की असं वाचलं तर आपणच आपल्याविरुद्ध तक्रार करू. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यातलं कोणी वाचू द्या. साहेबांनी वैतागून होकार दिला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीकडं बोट केलं. ती काजल होती. बाहेरच्या साहेबांना ती कोणाची कोण, हे कुठं माहीत असणार.

काजल उठली. आजोबांकडं तिनं पाहिलंच नाही. आधी आवाज लहान होता, पण म्हैस दावं तोडते तिथं तो मोठा झाला. फेट्याचं एक टोक म्हशीच्या तोंडात आणि दुसरं बाबारावच्या हातात, ही ओढाओढ तिनं अशी वाचली की मागं उभे असलेले लोक एका बाजूला कलले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. रामकृष्णभाऊ नातीकडं टक लावून बघत होते. ही मुलगी एवढं वाचते हे त्यांना माहीतच नव्हतं. मग ते वाक्य आलं, "हे पाहून श्यामकृष्णभाऊ पोट धरधरून हसला."

"थांब," रामकृष्णभाऊ म्हणाले.

काजल थांबली. ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता संपलं.

"बाकी सगळं बरोबर हाय," ते म्हणाले. "म्हैस काळी नव्हती, भुरी होती, पण ते जाऊ द्या. मी हसलो नव्हतो. ते लग्न म्या जमवलं होतं. तो फेटा म्या सोता बुलढाण्याहून आणला होता. मी कायले हसू?"

मग दादाराव, चार वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्याकडं बघून बोलले. ते म्हणाले की हसणं मी पाहिलं नाही, पण हसण्याचा आवाज तुमच्या घरातून आला होता. रामकृष्णभाऊ म्हणाले की तो पाहुण्यांचा होता. कोणत्या पाहुण्यांचा, यावरून दोघांची जुंपली. फेट्याचा तुरा शिल्लक राहिला होता की नाही, तो कोणी परत नेऊन दिला, देताना काय बोललं, सगळं निघालं. साहेब टेबल वाजवत होते. मागच्या लोकांतही दोन तट पडले.

या गोंधळात मॅडम खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, त्या ऐकायला जवळ चालल्यात. पण त्या सरळ रामकृष्णभाऊंपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

"भाऊ, हसणं मले कोणी सांगितलं नव्हतं. गोष्टीले पाह्यजे होतं म्हणून म्या टाकलं. ते माह्यं चुकलं."

त्यांनी काजलला पेन्सिल दिली आणि सगळ्यांसमोर ते वाक्य खोडायला लावलं. मग त्या रामकृष्णभाऊंना म्हणाल्या की खरं काय झालं ते तुम्ही सांगा, ही लिहील. रामकृष्णभाऊ सांगत गेले, काजल वाकून लिहीत गेली. "डोळ्यात" लिहिताना अडली तेव्हा पलीकडच्या बाकावरून यशनं तिला हळूच सांगितलं. दोन घरं त्या दिवशी काही गळ्यात गळे घालून बाहेर पडली नाहीत. शाळेच्या फाटकापर्यंत भांडत गेली. पण भांडायला बोलावं लागतं, आणि बोलणं त्या दिवसापासून सुरू झालं ते थांबलं नाही.

तक्रार मात्र कागदावर आलेली होती. रामकृष्णभाऊ ती मागं घ्यायला तयार होते. साहेब म्हणाले की आता ती वरपर्यंत गेली आहे, आणि वर्गशिक्षकाचीही तिच्यावर सही आहे. असं म्हणून त्यांनी अर्ज मॅडमसमोर ठेवला. मॅडमनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. माझी सही खाली होती. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसती हापशी होती.

जाताना त्या गाडीला पिशव्या अडकवत होत्या तेव्हा मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"सर," त्या म्हणाल्या, "सही चांगली हाय तुही. वाचता येते. बऱ्याच मास्तरायची येत नाही."

यात टोमणा होता की नाही, मला ठरवता आलं नाही. त्यांचा चेहरा तर शेरेबुकात लिहिताना असायचा तसाच होता. यश आता पुढं काय वाचणार ते बघ, त्याला म्हशीवर थांबवू नको, एवढं सांगून त्या गेल्या.

त्यांना नोटीस मिळाली. मंजूर साहित्याशिवाय काही वाटायचं नाही, अशी ताकीद. पुढच्या वर्षी करार वाढवताना त्यांना संग्रामपूर तालुक्यात टाकलं, सोनाळ्याच्या बाजूला. घरापासून तो रस्ता स्कूटीवर रोज जाण्यासारखा नव्हता. त्या तिकडंच खोली करून राहिल्या असं कळलं. मोताळ्यातले काही शिक्षक म्हणाले की सुटलो. काहींनी त्यांची कार्डं लपवून ठेवली होती, ती अजून वर्गात फिरतात.

माझ्याकडं म्हशीच्या गोष्टीच्या आता अकरा आवृत्त्या आहेत. रामकृष्णभाऊंची पहिली झाली, मग दादारावनी यशला बसवून आपली सांगितली, मग नवरदेवानं, मग ज्या पाहुण्यांवर हसल्याचा आळ होता त्यांनी निरोप पाठवून. मुलं लिहीत, एकमेकांची वाचत, खोटं कुठं आहे ते शोधत. कपाटाची किल्ली आता कपाटालाच असते. दोन पुस्तकं फाटली आणि मला कोणी काही विचारलं नाही.

यंदा तालुक्यात वाचनाच्या उपक्रमासाठी माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि प्रमाणपत्र. दोन मिनिटं बोला म्हणाले. मी माइकसमोर मॅडमचं नाव घेतलं आणि तक्रारीवर सही माझी होती, हेही सांगितलं. सभागृहात थोडी कुजबूज झाली. साहेब नवीन होते, त्यांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरलो तेव्हा हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. जिला सांगायचं तिला सोडून मी दोनशे लोकांना सांगितलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांना फोन लावला. पलीकडं मुलांचा गलका होता. मी आधी सत्काराचं सांगितलं. त्या म्हणाल्या की चांगलं झालं, शाल घरी आईला दे. मग मी म्हटलं की मॅडम, त्या अर्जाचं मला बोलायचं होतं.

"तुह्या वर्गात अजून कोणी न वाचणारं हाय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एक आहे. नवी आली आहे, ऊसतोडीवरून परतलेल्या घरातली. बोलतच नाही.

"मंग मले कायले फोन करून राह्यला? तिच्यापाशी जाऊन बस."

मी "मॅडम, पण" एवढंच म्हणालो आणि फोन बंद झाला. परत लावावा म्हणून मी नंबर काढला. मग फोन खिशात टाकला. ती मुलगी वर्गात एकटीच बसून डबा खात होती. मी आत गेलो आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलो.